फळमाशीचे हृदय आणि खोबरेल तेल : मेदयुक्त आहाराचा प्रयोग सुरुवातीपासून शेवटपर्यंत

फळमाश्यांना पाच दिवस भरपूर मेद असलेले अन्न दिले, तर त्यांच्या शरीरात मेद साठतो, हृदयाच्या आकुंचनाची ताकद घटते, ठोका हृदयाच्या एका भागाकडून दुसऱ्या भागाकडे नीट पोहोचत नाही आणि हृदयाच्या ऊतींची रचनाही बिघडते. कॅलिफोर्नियातील ला होया येथे रॉल्फ बोडमर आणि शॉन ओल्डहॅम यांच्या गटांनी २०१० साली हे दाखवून दिले आणि तेव्हापासून हा प्रयोग अनेक ठिकाणी केला जातो. वाचायला तो सोपा वाटतो, पण प्रत्यक्षात पहिल्यांदा करणाऱ्याचे निकाल बहुधा विस्कटलेले येतात. दोष सूक्ष्मदर्शकावर किंवा विच्छेदन करणाऱ्या हातावर ढकलला जातो, आणि माझ्या अनुभवात तो बहुतेक वेळा अन्नाच्या बाटलीत सापडतो. म्हणून या लेखात अन्नाला सर्वांत जास्त जागा दिली आहे.

हृदय कुठे असते आणि कसे असते

ड्रोसोफिला मेलॅनोगॅस्टर या फळमाशीचे हृदय म्हणजे पोटाच्या पाठीकडच्या त्वचेखाली आडवी पसरलेली, सुमारे एक मिलिमीटर लांबीची नळी. तिची भिंत एकाच पेशीच्या जाडीची असते. भ्रूणावस्थेत ही नळी स्नायुपेशींच्या ५२ जोड्यांनी, म्हणजे १०४ पेशींनी बनते. प्रौढ माशीत नळीचे कप्पे पडलेले दिसतात आणि बाजूंना असलेल्या झडपांसारख्या छिद्रांतून हिमोलिम्फ, म्हणजे कीटकाचे रक्त, आत येते. त्याला रक्तवाहिन्यांचे जाळे नसते. ते अवयवांभोवती मोकळे फिरते.

या हृदयाचा अभ्यास करणे शक्य होते, याचे एक मोठे कारण श्वसनात आहे. माशीला ऑक्सिजन श्वासनलिकांच्या जाळ्यातून थेट पेशींपर्यंत मिळतो, हृदयावाटे नव्हे. त्यामुळे हृदय बरेच बिघडले तरी माशी लगेच मरत नाही, आणि बिघाडाच्या सगळ्या पायऱ्या जिवंत माशीत पाहता येतात. दुसरे कारण जनुकांचे. हृदय घडवणारे 'टिनमन' हे जनुक निकामी झाले तर माशीत हृदय तयारच होत नाही, हे १९९३ साली स्पष्ट झाले, आणि त्याच कुळातले एनकेएक्स २-५ हे जनुक माणसाच्या हृदयाच्या जडणघडणीतही काम करते.

मर्यादा मात्र आरंभीच लक्षात ठेवावी. माशीच्या हृदयाला स्वतःच्या धमन्या नाहीत, त्यामुळे धमन्यांत मेदाचे थर साचून येणारा हृदयविकार या प्रयोगात दिसूच शकत नाही. येथे दिसतो तो मेदाचा हृदयाच्या स्नायुपेशींवर होणारा थेट आणि चयापचयामार्फत होणारा परिणाम. प्रयोगात खोबरेल तेल वापरतात म्हणून कोकणातल्या किंवा केरळातल्या स्वयंपाकावर निष्कर्ष काढणे हा विनोद ठरेल. माशीला ते कोणत्या प्रमाणात दिले जाते, हे पुढे कळेलच.

पहिला टप्पा : अन्न

मूळ अन्न प्रत्येक प्रयोगशाळेचे वेगळे असते. कुठे मक्याचे पीठ, यीस्ट, साखर आणि अगर वापरतात, तर म्हैसूरच्या परंपरेतल्या प्रयोगशाळांत रवा आणि गूळ वापरतात. यांपैकी कोणतेही चालते, पण नियंत्रण गटाचे आणि प्रयोग गटाचे अन्न एकाच पातेल्यातून निघाले पाहिजे. गूळ वापरत असाल तर हे अधिकच महत्त्वाचे, कारण गुळाची एक ढेप दुसरीसारखी नसते.

तेल खाण्याचे, शुद्ध आणि वास न मिसळलेले घ्यावे. डोक्याला लावायचे सुगंधी तेल घेतल्यास त्यातले सुगंधी पदार्थ आणि इतर द्रव्ये माशीच्या पोटात जातील आणि दिसलेला परिणाम मेदाचा की सुगंधाचा, हे सांगता येणार नाही. खोबरेल तेल निवडण्यामागे दोन कारणे आहेत. त्यातली मेदाम्ले बहुतांशी संपृक्त असतात आणि त्यांत लॉरिक आम्ल जवळपास निम्मे असते. शिवाय ते साधारण २४ अंश सेल्सिअसच्या खाली थिजते. जानेवारीत पुण्यातल्या घरात तेलाची बाटली उन्हात ठेवावी लागते, तोच गुणधर्म येथे उपयोगी पडतो. थिजलेले तेल अन्नात अडकून राहते. पातळ तेल वर येते आणि माश्या त्यात बुडून मरतात.

आता प्रमाण. शोधनिबंधांत '३० टक्के तेल' असे लिहिलेले असते आणि पहिली चूक येथेच होते. ३० टक्के म्हणजे १०० मिलिलीटर तयार मिश्रणात ३० ग्रॅम तेल. १०० मिलिलीटर अन्नात ३० ग्रॅम तेल ओतले, तर तेलाची घनता सुमारे ०.९२ असल्याने ते जवळपास ३३ मिलिलीटर जागा व्यापते, एकूण मिश्रण १३३ मिलिलीटरच्या आसपास जाते आणि खरे प्रमाण २३ टक्क्यांच्याही किंचित खाली येते. एक लिटर मिश्रण हवे असेल, तर ३०० ग्रॅम तेल मोजून घ्यावे आणि गरम अन्न घालत एकूण आकारमान एक लिटरवर आणावे. म्हणजे अन्न सुमारे ६७५ मिलिलीटर लागते.

या हिशेबातून दुसरा, अधिक खोल प्रश्न निघतो. मिश्रणाचा एक तृतीयांश भाग तेलाने व्यापला, तर यीस्टमधून येणारी प्रथिने आणि साखरही तेवढ्याच प्रमाणात विरळ होतात. म्हणजे प्रयोग गटाच्या माश्यांना जास्त मेद मिळाला, हे जितके खरे, तितकेच त्यांना दर घासाला कमी प्रथिने मिळाली, हेही खरे. प्रथिने कमी झाली की माशीचे चयापचय आणि आयुष्य, दोन्ही बदलतात. म्हणून मी नेहमी तीन गट ठेवतो : साधे अन्न, तेल घातलेले अन्न, आणि तेलाऐवजी तेवढ्याच आकारमानाचे अगरचे पाणी घालून विरळ केलेले अन्न. तिसरा गट ठेवायला कष्ट फारसे पडत नाहीत आणि तो नसल्याची टीका मात्र हमखास होते.

मिसळण्याची कृती अशी. मूळ अन्न नेहमीप्रमाणे शिजवून घ्यावे, पण अगर थोडा वाढवावा, कारण तेलामुळे घट्टपणा कमी होतो. नियंत्रण अन्नातही अगर तेवढाच वाढवावा. अन्न ६० अंशांच्या आसपास आले की बुरशी रोखणारी द्रव्ये घालावीत. त्याआधी घातल्यास प्रोपिओनिक आम्ल वाफेबरोबर उडून जाते. तेल वेगळे कोमट करून पातळ करावे आणि बारीक धारेने अन्नात सोडत हाताच्या मिक्सरने सतत घुसळावे. घुसळणे थांबवण्याची घाई करू नये. मिश्रण गरम असतानाच कुप्यांत ओतले तर दहा मिनिटांत वर तेलाचा तवंग येतो, तो थिजून पांढरी चकती बनतो आणि खाली नुसते साधे अन्न राहते. माशी मग काय खाते, हे कुणालाच ठाऊक नसते. मिश्रण दाट होऊन पळीवरून जडपणे पडू लागले, की अगर धरण्याच्या बेतात असताना भराभर ओतावे. एक कुपी फोडून किंवा अन्न सुरीने उभे कापून पाहावे : वरून खालपर्यंत रंग एकसारखा, फिकट पिवळसर दिसला पाहिजे. पांढरा थर दिसला तर सगळी खेप टाकून द्यावी. मी एकदा ती टाकली नाही आणि पुढचे दोन आठवडे वाया गेले.

कुप्या झाकून ४ अंशांवर ठेवाव्यात आणि आठवड्याभरात संपवाव्यात. वापरण्यापूर्वी प्रत्येक कुपीत गाळणकागदाची एक पट्टी खोचावी, म्हणजे माश्यांना बसायला कोरडी जागा मिळते.

दुसरा टप्पा : माश्या आणि पाच दिवस

कोषातून बाहेर पडलेल्या माश्या एक-दोन दिवसांच्या खिडकीत गोळा कराव्यात, म्हणजे वयाचा फरक राहत नाही. नर-मादी दोन-तीन दिवस एकत्र ठेवून समागम होऊ द्यावा आणि मग माद्या वेगळ्या काढाव्यात. माद्या आकाराने मोठ्या असल्याने हृदयही हाताळायला सोपे जाते. प्रत्येक कुपीत २० ते २५ माद्या पुरेत. पाच ते दहा दिवसांच्या वयात आहार सुरू करावा आणि पाच दिवस द्यावा.

तापमान २१ ते २२ अंशांवर ठेवावे, आणि नियंत्रण गटालाही त्याच तापमानात ठेवावे. हे सांगायची गरज पडते, कारण साध्या अन्नावरच्या माश्या सवयीने २५ अंशांच्या कपाटात परत जातात. कीटकाचे चयापचय तापमानावर चालते. चार अंशांचा फरक तेलाच्या परिणामाला सहज झाकून टाकील. उन्हाळ्यात वीज गेल्यावर कपाटाचे तापमान वाढते, तेल वितळते आणि सकाळी माश्या अन्नाला चिकटून मेलेल्या दिसतात. ती खेप वाचवण्याचा प्रयत्न करू नये, कारण वाचलेल्या माश्या या निवडल्या गेलेल्या माश्या असतात.

दर एक-दोन दिवसांनी नव्या कुपीत हलवावे आणि प्रत्येक वेळी मेलेल्या माश्या मोजून लिहून ठेवाव्यात. हलवताना कार्बन डायऑक्साइड वापरू नये. कुपी हलकेच आपटून नव्या कुपीवर उपडी करावी. माश्या किती खातात, हेही एकदा तपासावे. अन्नात खाण्याचा निळा रंग घालून, ठरावीक वेळाने माश्या वाटून, गाळलेल्या द्रावणातला रंग मोजणे हा स्वस्त मार्ग आहे. तेलकट अन्न माश्यांनी खाल्लेच नसेल, तर पुढचे सगळे मोजमाप उपाशी माश्यांचे होईल.

तिसरा टप्पा : मेद खरोखर वाढला का

हृदयाकडे जाण्यापूर्वी हे सिद्ध झालेच पाहिजे. पाच-पाच माश्यांचे सहा ते आठ नमुने घ्यावेत. डोळ्यांतले रंगद्रव्य रंगमापनात अडथळा आणते, म्हणून डोकी काढून टाकावीत. माश्या थोडे डिटर्जंट असलेल्या बफरमध्ये वाटून द्रावण ७० अंशांवर पाच-दहा मिनिटे तापवावे, म्हणजे मेद तोडणारी विकरे थांबतात. मग ट्रायग्लिसराइड मोजण्याच्या नेहमीच्या रंगक्रियेने मोजावे आणि आकडा प्रथिनांच्या प्रमाणात मांडावा.

दोन फसगती येथे ठरलेल्या आहेत. माशीच्या आतड्यात न पचलेले तेल असते आणि अंगालाही तेल लागलेले असते. ते मोजले तर माशी 'लठ्ठ' झाल्याचा आभास होतो. म्हणून सगळ्या गटांना दोन तास नुसत्या अगरवर ठेवून आतडे रिकामे होऊ द्यावे आणि गोठवण्यापूर्वी माश्या पटकन धुऊन कागदावर टिपून घ्याव्यात. दुसरे म्हणजे मादीच्या अंड्यांत पुष्कळ मेद असतो. अंडी घालण्याचे प्रमाण आहारानुसार बदलत असेल, तर तो फरक आकड्यात मिसळतो. शंका असल्यास अंडाशय काढून मोजावे.

चौथा टप्पा : हृदय उघडे करणे

यासाठी कृत्रिम हिमोलिम्फ लागते. त्याची रचना अशी : सोडियम क्लोराइड १०८, पोटॅशियम क्लोराइड ५, कॅल्शियम क्लोराइड २, मॅग्नेशियम क्लोराइड ८, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट १, सोडियम बायकार्बोनेट ४, हेपीस १५, सुक्रोज १० आणि ट्रेहॅलोज ५, सगळे मिलीमोलरमध्ये, सामू ७.१. दोन्ही शर्करा ज्या दिवशी वापरायच्या त्याच दिवशी घालाव्यात, नाहीतर बाटलीत जिवाणू वाढतात. वापरण्यापूर्वी १५ ते २० मिनिटे द्रावणातून हवेचे बुडबुडे सोडावेत.

माशी बेशुद्ध करण्यासाठी ट्रायएथिलअमाइनवर आधारित औषध वापरतात, कारण कार्बन डायऑक्साइड आणि ईथर हृदयाच्या गतीवर परिणाम करतात. दोन ते पाच मिनिटे पुरतात. प्रत्येक माशीला तेवढाच वेळ द्यावा. मग पेट्री डिशमध्ये पेट्रोलियम जेलीचा पातळ थर देऊन माशी पाठीवर, म्हणजे पोट वर करून, चिकटवावी. डोके आणि छातीचा खालचा भाग कापून काढावा, डिशमध्ये द्रावण भरावे, पोटाच्या टोकाला बारीक कात्रीने छेद देऊन खालच्या बाजूची त्वचा दोन्ही कडांनी कापत उचलून काढावी. अंडाशय आणि आतडे चिमट्याने एकाच हालचालीत बाहेर येतात.

आता उरतो तो मेदपिंड, म्हणजे माशीचे मेद साठवणारे ऊतक, आणि खरी परीक्षा येथे आहे. हृदयावर चिकटलेले पिवळसर पुंजके चिमट्याने ओढले तर हृदयाची भिंत फाटते. टोक ओढून बारीक केलेली काचेची नळी शोषक नळीला जोडून, हृदयाच्या बाजूने, त्याला स्पर्श न करता तो मेद ओढून घ्यावा लागतो. भिंगाखाली पाहिले, तर धूसर गोळ्यांच्या गर्दीतून हळूहळू एक पारदर्शक नळी मोकळी होते, आणि तिच्या दोन कडा एकमेकींजवळ येतात, दूर जातात. तेल खाल्लेल्या माशीत साफ करायचा मेद अधिक असल्याने हात अधिक वेळ चालतो आणि इजा होण्याची शक्यताही वाढते. म्हणजे आपल्याच हाताने झालेला बिघाड आहाराच्या नावावर जमा होऊ शकतो. यावर उपाय दोनच : कुप्यांची लेबले दुसऱ्याने झाकून आकडे द्यावेत, आणि विच्छेदनात फाटलेल्या हृदयांची गटवार नोंद ठेवून ती निबंधात द्यावी.

विच्छेदन झाल्यावर ताजे द्रावण घालून १५ ते २० मिनिटे थांबावे. ठोके स्थिर होण्याआधी केलेले चित्रण निरुपयोगी असते.

पाचवा टप्पा : चित्रण आणि मोजमाप

पाण्यात बुडणारे १० पट भिंग आणि सेकंदाला १०० ते २०० चित्रे घेणारा कॅमेरा असावा. प्रत्येक हृदयाचे ३० सेकंदांचे चित्रण पुरेसे होते. पोटाच्या कोणत्या खंडात मोजायचे, हे आधीच ठरवावे. तिसरा खंड सोयीचा पडतो. प्रौढ माशीच्या हृदयात ठोक्याची दिशा अधूनमधून उलटते, त्यामुळे जागा बदलली की आकडेही बदलतात. चित्रणातून कडा ओळखून मोजणारी अर्धस्वयंचलित पद्धत कॅरेन ऑकोर, बोडमर आणि सहकाऱ्यांनी २००९ साली प्रसिद्ध केली. 'सोहा' या नावाने ती ओळखली जाते आणि बहुतेक प्रयोगशाळा तीच वापरतात.

मोजायच्या गोष्टी थोड्या आहेत. प्रसरणाच्या टोकाला असलेला व्यास, आकुंचनाच्या टोकाला असलेला व्यास, आणि या दोहोंतला फरक पहिल्या व्यासाने भागून येणारे आकुंचनाचे प्रमाण. समजा प्रसरणात व्यास ७० मायक्रोमीटर आणि आकुंचनात ४५ असेल, तर प्रमाण २५ भागिले ७०, म्हणजे जवळपास ३६ टक्के येते. दोन ठोक्यांमधला काळ हा हृदयाचा आवर्तकाल. त्याचे प्रमाणित विचलन मध्यकाने भागले की अनियमिततेचा निर्देशांक मिळतो. हा निर्देशांक काही मोजक्या हृदयांत फार मोठा येतो, म्हणून सरासरीऐवजी प्रत्येक हृदयाचा ठिपका आलेखावर दाखवावा आणि क्रमाधारित चाचणी वापरावी.

आकड्यांइतकेच महत्त्वाचे आहे डोळ्यांनी पाहणे. चित्रणातला एकाच पिक्सेलच्या रुंदीचा उभा पट्टा कालक्रमाने शेजारीशेजारी मांडला, की हृदयाच्या दोन्ही कडांच्या लाटा दिसतात. निरोगी हृदयात त्या एकसारख्या असतात. मेदयुक्त आहाराच्या गटात काही ठिकाणी लाट ठेंगणी होते, मध्येच लांब सपाट रेघ येते, आणि कधी हृदयाचा एक खंड ठोके देत असताना लगतचा खंड निश्चल राहतो. ही ठोक्याच्या वहनातली अडवणूक एका खंडावर काढलेल्या आकड्यात दिसत नाही, म्हणून संपूर्ण हृदयाचे चित्रण एकदा तरी पाहावे.

प्रत्येक गटात २० ते ३० हृदये, आणि अन्नाच्या तीन वेगवेगळ्या खेपांवर हा प्रयोग झालेला असावा. एकाच खेपेवर ९० हृदये मोजणे म्हणजे तीन प्रयोग नव्हेत.

सहावा टप्पा : ऊतींचे रंजन

चित्रण झालेलीच हृदये रंजनासाठी वापरता येतात. आधी कॅल्शियम बांधून ठेवणारे ईजीटीए हे रसायन १० मिलीमोलर प्रमाणात घालून हृदय प्रसरणाच्या अवस्थेत सैल करावे, नाहीतर एक हृदय आवळलेले आणि दुसरे सैल अशी तुलना होते. मग ४ टक्के फॉर्मल्डिहाइडमध्ये स्थिर करावे. फॅलॉइडिनने ॲक्टिनचे तंतू दिसतात : हृदयाभोवती वर्तुळाकार, घट्ट विणल्यासारख्या ओळी. बिघडलेल्या ऊतीत त्या विरळ आणि विस्कळीत होतात. मेदाच्या थेंबांसाठी नाइल रेड किंवा बॉडिपी वापरावे. या रंजनात डिटर्जंट जपून वापरावा, कारण तो थेंबच धुऊन टाकतो आणि निष्कर्ष नेमका उलटा निघतो.

सातवा टप्पा : कारणापर्यंत जाणे

परिणाम दिसला, एवढ्यावर थांबण्यात फारसा अर्थ नाही, कारण माशी निवडण्यामागचा खरा फायदा जनुके हव्या त्या अवयवात चालू-बंद करण्यात आहे. २०१० च्या कामाचा गाभा टॉर हा मार्ग होता. अन्नाची मुबलकता ओळखून पेशीला वाढीचा आणि साठवणुकीचा संकेत देणारे हे प्रथिन आहे. इन्शुलिन-टॉर मार्ग मंद केला, अगदी केवळ हृदयात मंद केला तरी, मेदयुक्त आहाराचे हृदयावरचे दुष्परिणाम टळले. २०१५ साली सोडा डिओप आणि सहकाऱ्यांनी पुढची कडी जोडली : टॉरच्या खालच्या बाजूला मेद तोडणारे 'ब्रमर' हे विकर आणि ऊर्जानिर्मितीचे नियमन करणारे पीजीसी-१ येतात, आणि पीजीसी-१ वाढवल्यास हृदयाचे रक्षण होते.

असा प्रयोग करताना टिनमन किंवा हँड या जनुकांच्या नियंत्रणाखालील गॅल-४ माश्या (गॅल-४ हे हवे ते जनुक ठरावीक ऊतीत चालू करणारे प्रथिन) वापरून बदल हृदयापुरता ठेवता येतो. जनुकीय पार्श्वभूमी सगळ्या गटांत सारखी करून घ्यावी. पालक वंशांना नियंत्रण वंशाशी पाच-सहा पिढ्या संकरित करण्याचे कंटाळवाणे काम टाळता येत नाही. जनुकांतरित माश्यांसाठी संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची परवानगी वेळेत घ्यावी.

२०१९ साली याच गटाने दाखवले, की आईवडिलांना दिलेल्या मेदयुक्त आहाराचे हृदयावरील परिणाम पुढच्या दोन पिढ्यांत टिकतात, आणि त्याचा संबंध हिस्टोनवरील, म्हणजे डीएनए ज्यांभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रथिनांवरील, एका मिथाइल खुणेच्या वाढीशी आहे. हा भाग करायचा असेल तर अंडी गोळा करण्यापूर्वी माद्यांना एक दिवस साध्या अन्नावर ठेवावे, ती कुपी फेकून द्यावी आणि दुसऱ्या साध्या कुपीत घातलेलीच अंडी घ्यावीत. आईच्या पायांना लागलेले तेल पहिल्या कुपीच्या अन्नावर उतरते, त्यात वाढलेली अळी ते स्वतः खाते, आणि मग वारशाचा म्हणून नोंदवलेला परिणाम तिच्या स्वतःच्या जेवणाचा असू शकतो.